वहीत नसलेला रकाना

आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. बारा महिने बूट घालणाऱ्या देशांत तो कुणाला सुचायचा नाही. प्रश्न असा: चालताना पायातली चप्पल निसटते का? रुग्ण ‘हो’ म्हणाला की लगेच दुसरा: निसटली हे तुम्हाला कळतं, की मागून कुणी हाक मारून सांगितल्यावर कळतं? या दोन प्रश्नांत अर्धं निदान असतं. तळपायाची जाणीव गेली असेल, उदाहरणार्थ जुन्या मधुमेहात, तर चप्पल मागे राहते आणि माणूस तसाच पुढे जातो. पंजा उचलणारा स्नायू दुबळा झाला असेल आणि जाणीव शाबूत असेल, तर चप्पल निसटते, ती निसटताना कळते, आणि तरी तिला धरून ठेवता येत नाही.

अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस, म्हणजे एएलएस, या दुसऱ्या प्रकारातला आजार आहे. यात शेवटपर्यंत बरंच काही कळत राहतं.

उज्जैनच्या फ्रीगंजमधलं एक मराठी घर डोळ्यांपुढे आणू. हे घर कल्पनेतलं आहे, पण अशा बऱ्याच घरांच्या हकिकती एकत्र केल्या की साधारण असंच घर उभं राहतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. गृहस्थ ५४ वर्षांचे, बँकेतून निवृत्त व्हायला थोडी वर्षं बाकी. संध्याकाळी टॉवरपासून ओव्हरब्रिजपर्यंत फिरून यायचं, हा नेम. एका पावसाळ्यात उजव्या पायातली चप्पल निसटू लागली. प्रथम चप्पल बदलली. मग पायाला तेल लावून शेकलं. मग हाडांच्या डॉक्टरांकडे एमआरआय झाला आणि त्यात कमरेच्या मणक्यातली चकती थोडी सरकलेली दिसली. या वयात ती निम्म्या गावाची सरकलेली असते. पण दिसली की दोष तिच्यावर येतो. सहा-सात महिने असे गेले. तोवर उजव्या हातानं कुलपात किल्ली फिरवणं जड जाऊ लागलं आणि दंडावरचे स्नायू आपोआप फडफडू लागले, कातडीखाली किडे वळवळावेत तसे. मग इंदूर, स्नायूंतली वीज मोजणाऱ्या ईएमजीच्या सुया, आणि एक नाव.

इंदूरच्या डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला असं काही?”

“नाही. आजोबांना लकवा झाला होता, तेवढंच.”

हे प्रकरण त्या ‘तेवढंच’बद्दल आहे.

लकवा हा माळव्यातला शब्द. महाराष्ट्रात आपण अर्धांगवायू म्हणू. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली की लकवा, चेहरा वाकडा झाला की तोंडाचा लकवा, पोलिओनं पाय गेला तरी लकवा. गेल्या शंभर वर्षांतले चेतासंस्थेचे निम्मे आजार या एका शब्दाच्या पोतडीत जाऊन पडले आहेत.

वंशाच्या नोंदी ठेवण्यात आपण कमी नाही. राणोजी शिंद्यांच्या काळात माळव्यात आलेली मराठी घराणी उज्जैनला रुजली. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा उभारलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी घरं मागे राहिली. ही माणसं कोकणातून, घाटावरून, कुठून आली ते छापील कुलवृत्तांतांत सापडतं. ते नसेल तर रामघाटावर किंवा सिद्धवटाला जावं. पितृपक्षात तिथले पंडे लांबट वह्या उलगडतात आणि पाच-सहा पिढ्यांची नावं घडाघडा वाचून दाखवतात. गोत्र, मूळ गाव, कोण कधी तीर्थाला आलं, कुणाचं श्राद्ध कुणी केलं, सगळं असतं. माणूस कशानं गेला, हा रकाना मात्र नसतो. कुलवृत्तांतातही नसतो. कर्तबगारी असते, दत्तक विधान असतं, शेतीचे वाद असतात. हातपाय कसे गेले, ते नसतं. लग्नं जमायची असतात.

एएलएसच्या आनुवंशिकतेचा सगळा इतिहास म्हणजे हा रकाना भरण्याचा इतिहास आहे. त्याची सुरुवात एका मोठ्या माणसाच्या चुकीनं झाली.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि १८७४ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. नाव बोजड असलं तरी प्रामाणिक आहे. ‘अमायोट्रॉफिक’ म्हणजे स्नायूंचं पोषण तुटलेलं, ‘लॅटरल’ म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूचा पट्टा, ‘स्क्लेरॉसिस’ म्हणजे तो घट्ट, चिवट झालेला. हालचालीचा हुकूम मेंदूतून दोन टप्प्यांत उतरतो. पहिली चेतापेशी मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत येते, दुसरी तिथून स्नायूपर्यंत जाते. या आजारात दोन्ही मरतात. म्हणून एकाच पायात स्नायू सुकलेलाही दिसतो आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जोरात उडतोही. ही विसंगती शार्कोनं पकडली, हे त्याचं मोठेपण. पण हा आजार वंशात उतरत नाही, असंही त्यानं ठासून सांगितलं, आणि शार्कोनं सांगितलं म्हटल्यावर ते बराच काळ टिकलं.

वास्तविक १८८० मध्येच विल्यम ऑस्लर यांनी अमेरिकेतल्या व्हर्मांटच्या ‘फार’ नावाच्या घराण्याची हकिकत छापली होती. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्नायू झिजून माणसं मरत होती. ऑस्लरनं नावं, नाती, वयं लिहून काढली, म्हणजे पंड्यांच्या वहीत तो रकाना जोडला. शंभराहून अधिक वर्षांनी त्या घराण्याच्या वंशजांत दोष सापडला तो एसओडी१ नावाच्या जनुकात. ज्या अक्षरबदलाला शास्त्रज्ञ ‘ए४व्ही’ म्हणतात, तोच. उत्तर अमेरिकेतल्या एसओडी१ रुग्णांत हाच बदल सर्वाधिक आढळतो, आणि तो फार उतावळा आहे. लक्षणं सुरू झाल्यावर बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्षच काढतात.

एसओडी१ हे जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. १९९१ मध्ये टीपू सिद्दीक आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्र नक्की केलं. १९९३ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांच्या गटानं १३ घराण्यांत ११ वेगवेगळे दोष दाखवले. या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीतला ऑक्सिजनचा जाळ विझवतं. साहजिकच सर्वांना वाटलं, दोषामुळे विझवणारा कामचुकार झाला आणि पेशी जळाली. तसं नव्हतं. पुढच्याच वर्षी दोषी मानवी जनुक उंदरांत घातलं, तेव्हा त्यांचं स्वतःचं चांगलं जनुक शाबूत असूनही त्यांना पक्षाघात झाला. काम बंद पडणं हा त्रास नव्हता. बिघडलेलं प्रथिन चुकीच्या घड्या पडून गोळा होतं आणि पेशीला बाधतं, हा त्रास होता. हा बारकावा पुढे औषधासाठी निर्णायक ठरला, म्हणून लक्षात ठेवावा. जे कमी पडलंय ते पुरवणं अवघड असतं, जे बाधतंय ते कमी करणं त्यामानानं सोपं.

त्यानंतर जनुकांची रांग लागली: टीएआरडीबीपी, एफयूएस, ओपीटीएन, एनईके१. सगळ्यांची कहाणी सांगत बसत नाही. २०११ मध्ये सापडलेलं ‘सी९ऑर्फ७२’ मात्र टाळता येणार नाही. त्यात सहा अक्षरांचा एक तुकडा असतो. निरोगी माणसात तो फार तर वीस-तीस वेळा येतो. रुग्णांत शेकडो, कधी हजारो वेळा, रेकॉर्डवर सुई अडकावी तसा. युरोपीय वंशाच्या घराण्यांत आनुवंशिक एएलएसचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. एकाच घरात एका भावाचे हातपाय जातात आणि दुसऱ्याचा स्वभाव पालटतो, विवेक सुटतो, हेही या एकाच दोषामुळे. भारतासह आशियात हा दोष त्यामानानं कमी सापडतो. त्यामुळे युरोपातली टक्केवारी उचलून इथल्या कुटुंबाला सांगणं बरोबर नाही.

या रांगेत एक नाव मुंबईतून जातं, आणि तिथे थोडं थांबायला हवं. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये न्यूरॉलॉजी उभी करणारे डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे तोल जाण्याच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण येत. त्यांतल्या काहींची नजर विलक्षण संथ आहे, हे वाडियांनी टिपलं. डावीकडून उजवीकडे बघा म्हटलं की आपले डोळे झटकन उडी मारतात. या रुग्णांचे डोळे सरकत सरकत जात, काही जण त्याऐवजी मानच वळवत. १९७१ मध्ये डॉ. स्वामी यांच्यासह त्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात अशा नऊ घराण्यांचं वर्णन छापलं. ना डीएनए चाचणी, ना एमआरआय. होती ती वंशावळ आणि डोळ्यांकडे बघण्याची नजर. १९९६ मध्ये या आजाराचं जनुक सापडलं, एटीएक्सएन२. त्यात तीन अक्षरांचा तुकडा साधारण २२ वेळा येतो. तो चौतिशीच्या पुढे गेला की वाडियांनी पाहिलेला आजार होतो.

मग २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की याच जनुकात २७ ते ३३ वेळा, म्हणजे ना कमी ना पुरेसे जास्त असे तुकडे असलेली माणसं एएलएसच्या रुग्णांत ४.७ टक्के आणि इतरांत १.४ टक्के आहेत. तोल जाण्याचं जनुक जरा कमी बिघडलं तर हातपाय जाण्याचा धोका वाढवतं. जे. जे.च्या बाह्यरुग्ण विभागात काढलेल्या वंशावळी आणि फ्रीगंजमधली निसटलेली चप्पल यांना जोडणारा असा एक बारीक धागा आहे. या जनुकाचं प्रथिन कमी करणारं औषधही करून पाहिलं गेलं. उपयोग दिसला नाही आणि २०२४ मध्ये ती चाचणी थांबली.

आता तो नेहमीचा आकडा. एएलएसच्या साधारण १० टक्के रुग्णांच्या घरात हा आजार आधी झालेला असतो. ९० टक्के रुग्ण ‘सुटे’. हा आकडा सगळी पुस्तकं छापतात. माझ्या मते तो थोडा फसवा आहे, कारण तो रुग्णाच्या आठवणीवर उभा आहे. साधारण पन्नाशीत दिसणारा आजार दिसायला आधी पन्नाशी गाठावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आतबाहेर होतं. प्लेग, पटकी, १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनी ज्यांना आधीच नेलं, त्यांच्या जनुकात काय होतं हे कळायला मार्गच नाही. शिवाय दोष असूनही काही जणांना आयुष्यभर काही होत नाही. आपल्या कल्पनेतल्या गृहस्थांचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले, असं धरू. वही कोरीच राहिली. ज्यांना ‘सुटे’ म्हणतो, अशा रुग्णांची जनुकं तपासली तरी दहातल्या एकाच्या आसपास दोष सापडतो, तो असा.

बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेनं २००८ मध्ये तीस वर्षांतल्या १,१५३ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार सुरू होण्याचं त्यांचं सरासरी वय ४६ होतं. पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या आसपास असतं. आपल्याकडे हा आजार कमावत्या, मुलांची शिक्षणं चालू असलेल्या माणसाला गाठतो, हे कुठल्याही जनुकापेक्षा घराला जास्त भोवतं.

नातेवाईक एव्हाना स्टीफन हॉकिंगचं नाव काढतात. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी ते मुंबईत आले होते. एकविसाव्या वर्षी निदान झालेला माणूस एकोणसाठावा वाढदिवस मुंबईत साजरा करत होता. पुढेही १७ वर्षं जगला. त्यांचं उदाहरण खरं आहे, पण अपवादाचं आहे. अमेरिकी बेसबॉलपटू लू गेरिगला छत्तिसाव्या वाढदिवशी, जून १९३९ मध्ये निदान सांगितलं आणि जून १९४१ मध्ये तो गेला. बहुतेकांचा काळ या दुसऱ्याच्या जवळ पडतो. साधारण तीन ते पाच वर्षं.

उपचारांकडे येऊ. रिलुझोल १९९५ पासून आहे, भारतात मिळतं, ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. चेतापेशींना भडकवणारं ग्लुटामेट ते आवरतं आणि आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढवतं. वाचणाऱ्याला हे थट्टेसारखं वाटेल. घेणाऱ्याला वाटत नाही. अधूनमधून यकृताची रक्ततपासणी करावी लागते. एडाराव्होन सलाइनमधून देतात. जपाननं २०१५ मध्ये आणि अमेरिकेनं २०१७ मध्ये मान्य केलं, युरोपनं नाही. फायदा झालाच तर निवडक, लवकर निदान झालेल्या रुग्णांना. २०२२ मध्ये अमेरिकेत गाजावाजानं आलेलं एक औषध मोठ्या चाचणीत नापास झालं आणि २०२४ मध्ये कंपनीनंच बाजारातून काढून घेतलं.

खरी नवी गोष्ट टोफर्सेन. ते कसं चालतं हे सांगायला मी पुन्हा घाटावर जातो. पंड्याची मूळ वही लाकडी पेटीत असते. यजमानाला तो त्यातला मजकूर चिठ्ठीवर उतरवून देतो आणि पुढचं काम चिठ्ठीवर चालतं. पेशीतही तसंच. जनुक केंद्रकात बसलेलं, त्याची नक्कल म्हणजे आरएनए बाहेर येते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. टोफर्सेन हा डीएनएसारखाच एक छोटा तुकडा आहे, एसओडी१च्या चिठ्ठीला तंतोतंत उलटा. तो चिठ्ठीला चिकटतो, पेशीतलं एक विकर येऊन ती चिठ्ठी फाडतं, आणि प्रथिन कमी बनतं. वहीला हात लागत नाही. रक्तातून मेंदूत पोचत नाही म्हणून कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ते सोडतात. आधी चौदा-चौदा दिवसांनी तीन मात्रा, मग दर २८ दिवसांनी.

१०८ रुग्णांवर चाचणी झाली. २८ आठवड्यांनी मोजलं तेव्हा हातपाय, गिळणं, बोलणं यांच्या गुणांत ठरवलेला फरक पडला नव्हता. म्हणजे रीतसर चाचणी हरली. पण चेतापेशी मरताना रक्तात सांडणारं न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन निम्म्याहून खाली आलं, आणि ज्यांना आधी सुरुवात केली ते वर्षभरानंतर उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा बरे राहिले. आग विझते आहे, पण जळालेली भिंत परत येत नाही, असं काहीसं. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या रक्ततपासणीच्या भरवशावर त्याला मान्यता दिली, २०२४ मध्ये युरोपनं. मेलेली पेशी परत येत नसेल तर ती मरण्याआधीच औषध द्यावं, हे ओघानं आलंच. एसओडी१चा दोष आहे पण लक्षणं नाहीत, अशा माणसांच्या रक्तात न्यूरोफिलामेंट वाढू लागलं की लगेच टोफर्सेन सुरू करायचं, अशी चाचणी २०२१ पासून चालू आहे.

पण हे औषध फक्त एसओडी१वाल्यांसाठी, म्हणजे सर्व रुग्णांपैकी दोनेक टक्क्यांसाठी. आपण त्यात आहोत की नाही हे कळायला तपासणी हवी, आणि तपासणी करावी असं डॉक्टरला वाटायला आधी तो रकाना भरलेला हवा. दुकानात चिठ्ठी दाखवून मिळणारं हे औषध नव्हे. पण कुठल्या दारावर थाप मारायची ते तरी ठरतं.

बाकीच्यांना सर्वांत जास्त आयुष्य देतं ते औषध नव्हेच. ते रात्री नाकातोंडावर लावायचं बायपॅप यंत्र. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत, ज्यांचे घशाचे स्नायू फार दुबळे नव्हते अशांना त्यानं मध्यमानानं २०५ दिवस जास्त मिळाले, आणि ते बरी झोप लागलेले दिवस होते. सकाळी डोकं जड राहणं, आडवं झाल्यावर धाप लागणं ही वेळ झाल्याची खूण. पेज पितानाही ठसका लागू लागला, वजन घटू लागलं, तर पोटातून नळी. तीही श्वास फार खालावण्याआधी. गळ्याला भोक पाडून कायमचा व्हेंटिलेटर लावायचा का, हे मात्र माणसाला बोलता येत असतानाच विचारून, लिहून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा लेखी इच्छेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली. मूळपेशींच्या लाखो रुपयांच्या पॅकेजबद्दल एवढंच: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा उपचार एएलएसमध्ये मान्य नाही, तो फक्त चाचणीतच देता येतो. चाचणीत भाग घ्यायचे रुग्णाकडून पैसे मागितले, तर तिथून उठावं.

फ्रीगंजमधल्या त्या घरात आता मुलीचा प्रश्न आहे. ती पुण्याला, २६ वर्षांची, लग्न ठरत आलेलं. वडिलांत दोष सापडला तर तो तिच्यात असण्याची शक्यता पन्नास टक्के, नाणेफेकीसारखी. तिनं तपासून घ्यावं का? माझं मत: तिनंच ठरवावं, समुपदेशकाशी बोलून, आणि आत्ताच ठरवायला हवं असं नाही. ‘मला जाणून घ्यायचं नाही’ हेही उत्तर आहे. वडिलांची तपासणी मात्र पुढे ढकलू नये. ती फक्त त्यांच्याकडूनच होऊ शकते.

आणि त्याआधी फोन. गृहस्थांची आत्या, वय ८५, देवासला असते. फोन घरी आलेल्या मुलीनं लावला, स्पीकरवर ठेवला. बोलले गृहस्थच. नाना म्हणजे त्यांचे आजोबा.

“आत्या, नानांना लकवा झाला तो एका रात्रीत का?”

“छे रे, रात्रीत कुठला? आधी पाटावरून उठताना पाय अडखळायचा. मग पूजेत पळी हातातून सुटायची. बोलणं घोगरं झालं ते नंतर. पण समजायचं सगळं त्यांना, शेवटपर्यंत नावानं ओळखायचे.”

“किती दिवस चाललं हे?”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग, “तू जन्मलास तेव्हा त्यांनीच तुला उचलून टॉवरवरचं घड्याळ दाखवलं होतं. तुझ्या जावळाला तुला मांडीवर घ्यायला मामाला बसवावं लागलं आणि नाना नुसते बघत होते.”